तिच्या वतीने केलेली सही

वाढदिवसाला थोडे दिवस उरले असताना मला एका अर्जावर सही करायची होती. लहानपणी आईने माझ्या नावाने उघडलेले खाते मी सज्ञान झाल्यावर माझ्या एकटीच्या सहीने चालणार होते आणि त्यासाठी नमुना सह्या आधीच देऊन ठेवायच्या होत्या. अर्जावर तीन चौकटी होत्या. आजवर माझ्या प्रत्येक कागदावर खाली 'पालकाची सही' अशी एक ओळ असे. या कागदावर ती ओळच नव्हती आणि तिच्या जागी नुसता कोरा कागद होता. काउंटरपलीकडचे गृहस्थ आधी "इथे सही कर" असे म्हणाले, मग त्यांची नजर जन्मतारखेच्या रकान्यावर गेली आणि त्यांनी लगेच "इथे करा" अशी दुरुस्ती केली. आई माझ्या मागे उभी होती. त्यांनी पेन पुढे केले तेव्हा सवयीने तिचा हात निम्म्यापर्यंत आला, मग थांबला, आणि आता आलाच आहे तर काहीतरी करायला हवे म्हणून तिने त्या हाताने खांद्यावरच्या पर्सचा पट्टा नीट केला. पट्टा नीटच होता. मी तीन सह्या केल्या. गृहस्थांनी त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, शिक्का मारला आणि म्हणाले, "आता हीच सही कायम ठेवायची हं. पुढे बदललीत तर त्रास तुम्हालाच."

मी मान हलवली खरी; पण ज्या 'तुम्हाला' त्रास होणार होता, ती व्यक्ती तिथे हजर नव्हती. ती सही मी घरी वहीच्या मागच्या पानांवर गिरवून ठरवली होती. शेवटच्या अक्षराला शेपूट द्यायची की नाही, नावाखाली रेघ ओढायची की नाही, आडनाव पूर्ण लिहायचे की एका फटकाऱ्यात उरकायचे, यावर मी कितीतरी पाने खर्ची घातली. रेघेखाली दोन टिंबे देण्याचा मोह होता. ती पोरकट दिसतात म्हणून काढून टाकली. म्हणजे मी निवडलेली सही माझी नव्हतीच. एखाद्या मोठ्या बाईची सही कशी दिसत असेल, याचा तो माझा अंदाज होता. चाळिसाव्या वर्षी, साठाव्या वर्षी जी बाई हे वळण काढत बसणार आहे, तिचा हात मी पाहिलेला नाही. तो थरथरत असेल किंवा घाईत असेल, तिला कदाचित माझे अक्षर मुळीच आवडणार नाही, आणि तरीही तिने माझ्यासारखीच सही करावी अशी कबुली मी तिच्या वतीने देऊन आले होते.

तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

मोठ्या माणसांना आपल्या लहानपणाला उपदेश करायला फार आवडते. 'तेव्हाच्या मला आज भेटता आले तर काय सांगाल' हा प्रश्न मुलाखतींत हमखास विचारला जातो, आणि उत्तर देणाऱ्याचा आवाज त्या वेळी एकदम मऊ होतो. त्यात धोका काहीच नसतो, कारण तो उपदेश ज्याला करायचा तो काही ऐकायला येणार नसतो आणि आल्यावर उलटून बोलणार नसतो. उलट्या दिशेने पाठवलेला उपदेश मात्र खरोखर पोहोचू शकतो. आज मी लिहिलेले वीस वर्षांनी ती वाचू शकेल, त्यावर हसू शकेल, चिडू शकेल. तरीही अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलीने प्रौढ बाईला चार गोष्टी सांगाव्यात, ही कल्पना ऐकणाऱ्याला आधी गमतीचीच वाटते. मी आईला ती बोलून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "सांग बाई, तिला कोणीतरी सांगायलाच हवं," आणि हसली. त्या हसण्यात थट्टा किती आणि स्वतःची दमणूक किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

असा उलटा उपदेश केलेल्या एका माणसाची यादी मला माहीत आहे. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने १६९९ मध्ये, म्हणजे जेमतेम तिशी ओलांडलेली असताना, आपण म्हातारे होऊ तेव्हा काय काय करायचे नाही याची एक यादी लिहून ठेवली होती. त्याच त्या माणसांना तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची नाही. कोणी मागितल्याशिवाय सल्ले देत सुटायचे नाही. तरुणांशी फार कठोर वागायचे नाही, त्यांच्या वेडेपणाला थोडी सूट द्यायची. फार बोलायचे नाही, आणि स्वतःविषयी तर नाहीच. आपण पूर्वी किती देखणे होतो, किती ताकदवान होतो, याची बढाई मारायची नाही. यातले प्रत्येक कलम वाचताना डोळ्यांसमोर कोणी ना कोणी ओळखीचे येतेच. मुलांना जवळ करायचे नाही असेही एक चमत्कारिक कलम त्यात आहे. ते का घातले असेल कोण जाणे. मला सर्वांत आवडते ते शेवटचे: हे सगळे नियम पाळण्याचा आव आणायचा नाही, नाहीतर एकही पाळला जायचा नाही. ही यादी त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत मिळाली. तिच्या पुढची हकिकत मात्र यादीत मावणारी नाही. १७४२ मध्ये त्याची बुद्धी आणि स्मृती ठिकाणावर नसल्याचे ठरवून त्याच्यावर पालक नेमण्यात आले आणि १७४५ मध्ये तो गेला. आपण म्हातारपणी कंटाळवाणे होऊ, चिडखोर होऊ, बढाईखोर होऊ, हे सगळे त्याने आधी पाहिले होते. आपल्या वतीने दुसऱ्यांना कारभार पाहावा लागेल, हे त्याच्या मनात आले असेल असे त्या यादीवरून तरी दिसत नाही. ज्याची भीती वाटते तेवढ्याचाच बंदोबस्त करण्याची माणसाची खोड तिथे स्पष्ट दिसते, आणि तिच्यापासून मी सुटेन असे समजण्याचे काही कारण नाही.

आपल्याकडे मनाला उपदेश करण्याची रीत जुनी आहे. समर्थांनी २०५ श्लोक मनालाच ऐकवले. पण ते मन समोर असते. चुकले की लगेच पकडता येते, पुन्हा समजावता येते. माझी ती समोर नाही. तिला मी एकदाच सांगू शकते, आणि तिचे म्हणणे मला कधीच ऐकू येणार नाही.

समोर नसलेल्या माणसावर काय काय ढकलता येते, हे मात्र मला चांगलेच ठाऊक आहे. पहाटे उठणे, पोहायला शिकणे, एका दुरावलेल्या मैत्रिणीला स्वतःहून पत्र लिहिणे, ही सगळी कामे मी गेली काही वर्षे बिनधास्त तिच्या नावावर टाकत आले आहे. ती शिस्तीची असणार, तिच्याकडे वेळ असणार, तिला लाज वाटणार नाही, असे मी गृहीत धरले आहे. हा माझा एकटीचा दोष नाही, हे वाचून मला जरा बरे वाटले. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना केचप आणि सोया सॉस पाण्यात कालवून केलेले एक किळसवाणे मिश्रण दाखवायचे आणि विज्ञानासाठी यातले किती प्याल, असे विचारायचे. आत्ताच प्यायचे असेल तर लोक दोनेक चमच्यांवर थांबत. पुढच्या सत्रात प्यायचे असेल तर जवळजवळ अर्धा कप कबूल करत, आणि दुसऱ्या कोणाला प्यायला लावायचे असेल तेव्हाही साधारण तेवढेच. म्हणजे चार-सहा महिन्यांनंतरचे आपण आणि परका माणूस यांच्यात घोटाचासुद्धा फरक कोणी करत नव्हते. २०११ मध्ये हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणांना संगणकाच्या साहाय्याने त्यांचाच म्हातारा चेहरा दाखवला, तेव्हा ते चेहरे पाहिलेल्यांनी म्हातारपणासाठी जास्त पैसे बाजूला काढण्याची तयारी दाखवली. मला हे दोन प्रयोग एकत्र आठवतात, आणि दुसऱ्यापेक्षा पहिला जास्त खरा वाटतो. चेहरा पाहून दया येईल. पण कप भरताना चेहरा कोण आठवतो?

ती परकी वाटते, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की, ती माझ्यापेक्षा फारशी वेगळी असेल यावर माझा मनातून विश्वास बसत नाही. यावरही संशोधन आहे, आणि ते वाचताना मला कोणीतरी रंगेहाथ पकडल्यासारखे झाले. जॉर्डी क्वाडबाख, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी १८ ते ६८ वर्षे वयाच्या १९,००० हून अधिक लोकांकडून मागच्या दहा वर्षांत आपण किती बदललो आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलू, याचे अंदाज घेतले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही वयाच्या माणसाला विचारा: मागे खूप बदललो, पुढे फारसा बदलणार नाही, असेच तो म्हणतो. आजच्या आवडत्या गायकवृंदाचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकायला लोक सरासरी १२९ डॉलर द्यायला तयार होते. दहा वर्षांपूर्वीच्या आवडत्या वृंदाला आज ऐकायला मात्र फक्त ८०. साठी उलटलेला माणूसही आपली घडण आत्ता कुठे पुरी झाली असे मानत असेल, तर सतराव्या वर्षीच्या माझ्या मतांची काय कथा! तरीही ती मते आत्ता मला पक्की वाटतात, हे सत्य राहतेच. पक्की वाटत नसती तर मी उपदेश लिहायला बसलेच नसते.

मी स्वतःच कोणाची तरी मोठी झालेली ती आहे, हे मला एका जुन्या वहीमुळे कळले. अकरा-बारा वर्षांची असताना मी एक पान लिहिले होते. वर मोठ्या अक्षरांत 'मोठी झाल्यावर' असा मथळा आणि खाली आज्ञा. त्यांतल्या बहुतेक मी मोडल्या आहेत. केस कधीच कापायचे नाहीत, असे तिने बजावले होते. ते कानाच्या वर गेले त्याला बराच काळ लोटला. अमुक मैत्रिणीशी जन्मभर रोज बोलायचे होते. ज्या मैत्रिणीला पत्र लिहिण्याचे काम मी पुढच्या तिच्यावर ढकलते आहे, ती हीच. खोलीला आतून कडी हवी, कुत्रा हवा, गणिताच्या शिक्षकांना एकदा तोंडावर खरे काय ते सांगायचे आहे, अशा फर्मानांची ती रांग वाचताना मला तिची माया आली आणि थोडा रागही आला. तिला माझी परिस्थिती ठाऊक नव्हती. मला जे हवे असेल ते तिने मला विचारलेच नव्हते. पण पानाच्या तळाशी, जागा संपत आली म्हणून बारीक झालेल्या अक्षरांत, एक वेगळी ओळ होती: 'कोणी रडत असेल तर का रडतोस विचारू नको, नुसती शेजारी बस.' ही ओळ वाचून मी थबकले. कोणीतरी तिला ते 'का' विचारले असणार, आणि तिला उत्तर देता आले नसणार. प्रसंग मला मुळीच आठवत नाही. ती ओळ नसती तर ते दुःख होते हेसुद्धा मला कधी कळले नसते. आता मी कोणी रडताना पाहिले की खरोखरच 'का' गिळते आणि शेजारी बसते. केस, कुत्रा, मैत्रीण, या सगळ्यांत तिला काय हवे आहे ते तिने लिहिले होते, आणि ते तिच्याबरोबर गेले. या एका ओळीत मात्र तिला काय दिसले ते होते. ते टिकले, कारण ते मला आता कितीही प्रयत्न केला तरी दिसले नसते.

त्या बारक्या ओळीवरून मला माझ्या अधिकाराचा अंदाज आला. नोकरी कोणती धर, कोणाशी संसार कर किंवा करू नकोस, पैसे कसे वापर, यांतले काहीही तिला सांगण्याची माझी लायकी नाही. तिला या सगळ्यातले माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, आणि नसेल तर माझ्या सांगण्याने कळणार नाही. मी तिला फक्त इथून काय दिसते ते सांगू शकते. प्रौढ माणूस खालून, अलीकडून कसा दिसतो, याची मी आत्ता जाणकार आहे. वर्षानुवर्षे मी त्यांचे चेहरे वाचत आले आहे, कारण माझे जाणे-येणे, माझा वेळ, माझा दिवस चांगला जाणार की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यांवर अवलंबून होते. ही जाणकारी लवकरच माझ्या हातून जाणार आहे. एकदा मी पलीकडे गेले की मला प्रौढपण आतून दिसेल, आणि आतून ते नेहमीच समर्थनीय दिसत असणार. नाहीतर इतकी चांगली माणसे ते तसे का वागवत?

पलीकडे नेमके कधी जायचे, यावर मात्र कोणाचेच एकमत नाही. कायद्याला तारीख लागते, आणि तारीख बदलताही येते. जपानने सज्ञान होण्याचे वय २० वरून १८ वर आणले ते १ एप्रिल २०२२ पासून, आणि त्या सकाळी तिथली अठरा-एकोणीस वर्षांची सगळी मुले काही न करता एकदम प्रौढ होऊन उठली. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये असे मांडले की, आधुनिक समाजांत साधारण १८ ते २५ हा एक वेगळाच टप्पा झाला आहे, धड पौगंड नाही आणि धड प्रौढपण नाही. प्रौढ कशामुळे होते असे तरुणांना विचारले तेव्हा लग्न किंवा शिक्षण संपणे त्यांनी महत्त्वाचे मानले नाही. स्वतःची जबाबदारी घेणे, स्वतः निर्णय घेणे आणि स्वतःच्या पैशांवर उभे राहणे यांना अग्रक्रम दिला. मेंदूचे दाखले तर आम्हाला घरोघर ऐकवले जातात. कपाळामागचा, विचार करून पाऊल उचलायला लावणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, हे खरे आहे. पण तो विजेच्या दिव्यासारखा पंचविसाव्या वाढदिवशी पेटत नाही, आणि त्याआधी सगळा अंधारही नसतो. वाद हरायला लागल्यावर ज्या माणसाला नेमका तेव्हाच माझा मेंदू आठवतो, त्याच्या स्वतःच्या मेंदूविषयी मला शंका येते. असो.

आता तुझ्याशी थेट बोलते. वयाने मोठी असलीस तरी 'तू'च म्हणते, कारण तुला 'तुम्ही' म्हटले तर मला खरे बोलता येणार नाही.

तू लहान मुलांना प्रश्न विचारशील. 'पुढे काय करायचं ठरवलं आहेस?' हा प्रश्न तुझ्या तोंडून बाहेर पडेल, कारण बोलायला दुसरे काही सुचणार नाही. विचारलास तर निदान उत्तर संपेपर्यंत त्या मुलाकडे पाहा. माझ्या एका नातेवाइकांनी मला हा प्रश्न विचारला, आणि मी खरे उत्तर द्यायचे ठरवून, शब्द जुळवत, कीटकांच्या दृष्टीविषयी काय शिकायला आवडेल ते सांगू लागले, तेव्हा दुसऱ्या वाक्यालाच त्यांचा अंगठा मांडीवरच्या फोनवर फिरू लागला. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी "अरे वा!" असेही म्हटले. पण "अरे वा!" आले ते माझे वाक्य अर्धे असताना. उरलेले अर्धे वाक्य पूर्ण करायचे की नाही, या विचारात मी काही क्षण तोंड उघडे ठेवून बसले होते, आणि ते अवघडलेपण त्यांना दिसलेसुद्धा नाही. पुढच्या खेपेला मी 'अजून ठरवलं नाही' असे म्हणून मोकळी झाले. मुले तुला काही सांगत नाहीत अशी तक्रार तू कधी करशील, तेव्हा आधी तुझा अंगठा कुठे होता ते आठव.

क्षमा मागताना 'पण' लावू नकोस. मोठी माणसे लहानांची क्षमा मागत नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. ती मागतात, आणि पाठोपाठ एक 'पण' जोडून ती परत घेतात. 'मी ओरडायला नको होतं, पण तूही...' यातल्या 'पण'पर्यंत मूल श्वास रोखून ऐकत असते. पुढचे त्याला ऐकू येत नाही. माझी आजी एकदा 'माझं चुकलं' एवढेच म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली होती. कशावरून ते मी विसरले. ती दोनच शब्द बोलली आणि थांबली, हे मात्र विसरले नाही.

दमलीस तर दमले म्हण. मोठ्यांच्या दमणुकीला रागाचे कपडे घालायची सवय असते आणि मुलाला ते कपडे काढून आत पाहता येत नाही. दार कोणी जोरात लावले, भांडे कोणी आपटले, यावरून आपले काय चुकले असेल याचा हिशोब ते मूल अंथरुणात पडल्या पडल्या करत राहते, आणि बहुतेक वेळा त्या हिशोबात त्याचा काहीच संबंध नसतो. हे मी तुला माहिती म्हणून सांगते आहे, आईची तक्रार म्हणून नाही. आईला तर हे सांगणारे कोणी नव्हते.

तुझी भीती मला काळजी म्हणून विकू नकोस. म्हणजे मला नव्हे, तुझ्या वाट्याला येणाऱ्या मुलांना. काळजी ऐकली की मूल थोडे सावध होते. भीती ऐकली की ते खोटे बोलायला शिकते. दोन्हींचे शब्द तेच असतात, 'पोहोचलीस की फोन कर', पण फोन उशिरा आल्यावर काय होते, त्यावरून मुलाला फरक बरोबर कळतो. हा फरक नेहमी पाळता येईल असे मला वाटत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याची वाट पाहणे कसे असते, हे मला ठाऊक नाही, तुला असेल. म्हणून या कलमापुरती मी तुला सूट देते.

आणि एक मागणे आहे, त्यात मात्र सूट नाही. तुला हे वय फार आठवणार आहे. उतारवयात माणसांना आयुष्यातल्या कोणत्या आठवणी सांगायला सुचतात हे पाहिले, तर साधारण दहा ते तीस या वर्षांतल्या आठवणींची गर्दी दिसते, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. म्हणजे तू माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणार, आणि दर वेळी मला थोडे घासून-पुसून चकचकीत करणार. ते दिवस काय होते, काही चिंता नव्हती, असे तू कोणाला तरी सांगशील. त्या वेळी पुरावा म्हणून हे वाच. चिंता होती. ती पोटात, बेंबीच्या जरा वर, दगडासारखी असायची आणि जेवताना जास्त जाणवायची. दुपारी फार लांब होत्या. आरशात एक बाजू बरी दिसायची आणि एक नाही, म्हणून लोकांच्या कोणत्या हाताला बसायचे ते मी खोलीत शिरतानाच ठरवायची. मैत्रिणींच्या घोळक्यात सगळ्या कशाला हसल्या ते कळले नाही तरी मी हसायची आणि मग घरी जाईपर्यंत तो विनोद उकलत बसायची. आनंदही होता, आणि तो कधीकधी इतका अचानक, बिनकारणाचा यायचा की जिना उतरताना मी शेवटच्या चार पायऱ्या उडी मारून संपवायची. पण तो त्या दगडाबरोबरच होता, त्याच्या ऐवजी नव्हता. माझे सोने करून तुझ्या वेळच्या मुलांच्या डोक्यात घालू नकोस. 'आम्ही तुमच्या वयाचे होतो तेव्हा' या वाक्यात मला साक्षीला उभी करशील, तर मी फितूर होईन.

बाकी तू मोकळी आहेस. कीटकांच्या दृष्टीचा नाद सुटला असेल तर सुटू दे. मी आज ज्या माणसांशिवाय जगण्याची कल्पना करू शकत नाही, त्यांच्यातली काही तुझ्या फोनमध्येही नसतील, आणि याबद्दल तू माझ्यापाशी जाब देणे लागत नाहीस. पोहण्याचे काम मी तुझ्या नावावरून काढून घेते. ते मी या वर्षी सुरू करेन. पत्राचे काम अजून तुझ्याकडेच राहू दे.

एक व्यवहाराची बाब राहिली. स्विफ्टने आपल्या यादीत एक शहाणपणाचे कलम घातले होते: यातले कोणते नियम आपण मोडतो आहोत ते चांगल्या मित्रांनी आपल्याला सांगावे, अशी विनंती करायची. मीही असा तपासनीस शोधू लागले, आणि अडचण लक्षात आली. माझ्या वयाच्या मैत्रिणी तेव्हा माझ्याबरोबरच पलीकडे गेलेल्या असतील. त्यांनाही प्रौढपण आतूनच दिसत असेल आणि त्या मला सांभाळून घेतील. खरा तपासनीस म्हणजे त्या काळी जो कोणी सतरा वर्षांचा असेल तो, आणि तो अजून जन्मालाही आलेला नाही. तो भेटला की त्याच्या हातात हे दे आणि तो बोलत असताना खुलासा करू नकोस. तोवर कामचलाऊ म्हणून मी ही पाने धाकट्या भावाला वाचायला दिली. तो दहा वर्षांचा आहे. त्याने पालथे पडून, पेन्सिल कानामागे अडकवून सगळे वाचले, कीटकांपाशी थांबून 'हे खरंच का?' असे विचारले, आणि शेवटी त्याला एकच शंका आली: हे नियम वाढदिवसापासून लागू धरायचे की आजपासून? आजपासून धर, असे मी म्हणाले. तेव्हा तो उठून बसला आणि त्याने मागच्या रविवारपासूनची माझ्याविरुद्धची तक्रार सुरुवातीपासून सांगायला घेतली. ती बरीच लांब होती, आणि तिच्यात दोन ठिकाणी मला 'पण' म्हणावेसे वाटले.